मेटल ही उजव्या हाताची विद्या

मेटलने झपाटलेला मुलगा किंवा मुलगी घरात इलेक्ट्रिक गिटारचा विषय काढते, तेव्हा उत्तर बहुधा ठरलेलं असतं. आधी साधी गिटार शिक, ती जमली की इलेक्ट्रिकचं बघू. गल्लीतला क्लास हेच सांगतो, ओळखीतला कुणी ऑर्केस्ट्रात वाजवणारा हेच सांगतो. घरच्यांनाही ते पटतं, कारण अकूस्टिक गिटार स्वस्त असते आणि तिला वेगळा ॲम्प लागत नाही. सल्ला आपुलकीचा असतो, पण मेटल वाजवायचं असेल तर तो चुकीचा आहे. अकूस्टिकवर हाताला जी वळणं पडतात त्यातली बरीचशी मेटलला लागत नाहीत, आणि मेटलला जे सगळ्यात आधी लागतं ते अकूस्टिकवर शिकताच येत नाही.

अकूस्टिकवर आवाज काढावा लागतो. तिची सगळ्यात बारीक तार बहुधा ०.०१२ इंचाची असते, तारा फ्रेटबोर्डपासून बऱ्याच उंच असतात, त्यामुळे बोटाला जोर करावा लागतो आणि नवशिक्याचा निम्मा जीव त्यातच जातो. इलेक्ट्रिकवर तीच तार ०.००९ किंवा ०.०१० इंचाची असते आणि हलक्या दाबाने बसते. आवाज तर ॲम्प काढून देतो. अडचण उलट्या बाजूची आहे. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नल इतका वाढवायचा की त्याचे माथे कापले जातात. मोठा आणि बारीक आवाज जवळजवळ एका पातळीला येतात. तारेवर बोट नुसतं घासलं, शेजारची तार आपोआप थरथरली, तरी ते वाजवलेल्या स्वराइतकंच ठसठशीत ऐकू येतं. म्हणून मेटल शिकणाऱ्याचं पहिलं काम नको तो आवाज बंद ठेवणं हे आहे, आणि ते काम पहिल्या दिवसापासून इलेक्ट्रिकवरच करावं लागतं.

या संगीताचा उगमही सांगण्यासारखा आहे, कारण नवशिक्याच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा मुलगा काम करत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली हात सापडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी झाल्यावरही जँगो थोर गिटारवादक झाला होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, गिटारला बँजोच्या बारीक तारा लावल्या आणि पुढे तारा ढिल्या करून खालच्या स्वरात लावायला सुरुवात केली. १९७० सालच्या फेब्रुवारीत त्याच्या ब्लॅक सबाथ या बँडची पहिली तबकडी आली. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये काही गाण्यांत तारा तब्बल तीन अर्धस्वर खाली आहेत. जो जडपणा मेटलची ओळख ठरला तो बोटांच्या सोयीतून आला. तेव्हा जाड तारा लावल्याशिवाय मेटल वाजत नाही, असं कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

मेटलचं सगळ्यात पहिलं व्याकरण म्हणजे पॉवर कॉर्ड. आपल्याकडच्या वाचकाला ते समजायला अजिबात जड नाही, कारण त्यात फक्त षड्ज आणि पंचम असतात, वर हवा तर तार षड्ज. तानपुऱ्याच्या नेहमीच्या जुळणीत हेच स्वर असतात. हेच का, तर डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर तयार होतात. सा आणि प यांचं प्रमाण २:३. वजाबाकी १, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. दोन बोटांनी वाजवलेल्या जोडीखाली ॲम्प आपणहून खर्ज भरतो, आणि भिंत हलल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. आता त्यात गंधार घातला तर काय होतं? गिटारवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, पंचम मात्र जेमतेम २ सेंट उतरलेला. साध्या आवाजात तो फरक कानाआड करता येतो, डिस्टॉर्शनमध्ये त्यातून कुरकुर आणि गढूळपणा निघतो. म्हणून अकूस्टिकच्या क्लासात पहिल्या आठवड्यात शिकवलेले सी, जी, डी हे मोकळे कॉर्ड मेटलमध्ये फार क्वचित कामाला येतात.

आता उजव्या हाताकडे येऊ. डावखुऱ्यांनी इथून पुढे डावा समजावा. डाव्या हाताची करामत दिसते, सोलो वाजवताना कॅमेराही तिथेच जातो, म्हणून नवशिका सगळं लक्ष तिकडे लावतो. मेटलचा पोत मात्र उजव्या तळहाताच्या कडेवर ठरतो. करंगळीच्या बाजूची तळहाताची मांसल कड ब्रिजवर ठेवायची, अशी की तिचा थोडासा भाग तारा जिथे ब्रिजमधून बाहेर पडतात तिथे तारांवर टेकेल. ब्रिजच्या अगदी मागे राहिली तर तार मोकळी वाजते. अर्धा सेंटिमीटर पुढे सरकली तर तार मरते आणि नुसता ‘टक’ उरतो. या दोन्हींच्या मध्ये एक अरुंद पट्टा आहे. तिथे आघात केला की स्वर कळतो, पण लगेच मिटतो आणि छातीवर थाप बसल्यासारखा ‘झुक’ असा आवाज येतो. यालाच पाम म्यूट म्हणतात. हा पट्टा प्रत्येक गिटारवर, प्रत्येक तारेवर किंचित वेगळा असतो आणि तो कुणी दाखवून सापडत नाही. सहाव्या तारेवर, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, सावकाश एकेक आघात करत आणि तळहात केसभर पुढेमागे सरकवत तो आपला आपणच शोधावा लागतो. पहिला आठवडा फक्त एवढंच केलं तरी तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

उजवा तळहात जाड तारा सांभाळतो, बारीक तारा डाव्या हाताने सांभाळायच्या. पॉवर कॉर्ड दाबताना तर्जनी सहाव्या तारेवर टोकाने बसते; तिचा उरलेला भाग थोडा आडवा ठेवला की तो खालच्या बारीक तारांना नुसता स्पर्श करतो आणि त्या गप्प राहतात. दाबायचं नाही, शिवायचं. हे जमलंय की नाही याची परीक्षा सोपी आहे. पॉवर कॉर्ड दाबून सहाही तारांवर पिक जोरात फिरवा. हवे ते दोन-तीन स्वर सोडून बाकी काहीही ऐकू आलं नाही, तर हात तयार होतोय.

इथेच गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा याचा, मुद्दा येतो. नवशिका गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवतो, कारण रेकॉर्डवर जसा दाट आवाज ऐकू येतो तसा त्याला एकट्याच्या गिटारमधून मिळत नाही. पण रेकॉर्डवर एक गिटार नसतेच. तोच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा स्वरांचा तुकडा, दोनदा, कधी चारदा, वेगवेगळा वाजवून डाव्या-उजव्या स्पीकरला वाटलेला असतो आणि खाली बास गिटार असते. दाटपणा तिथून येतो. एकट्या गिटारवर गेन वाढवला की दाटपणा येत नाही, आघातांच्या कडा मात्र बुजतात आणि चुका झाकल्या जातात. झाकल्या गेलेल्या चुका बँडमध्ये गेल्यावर उघड्या पडतात. म्हणून बटण आपल्याला हवं वाटतं त्याच्या थोडं अलीकडे ठेवावं. मिडचं, म्हणजे मधल्या स्वरपट्टीचं, बटण शून्यावर नेण्याची खोडही अशीच. खोलीत तो आवाज भारी वाटतो, पण ड्रम आणि बासबरोबर वाजवताना गिटार कुठे गेली ते कळत नाही.

लयीचा प्रश्न याहून मोठा आहे. मेटलिका या बँडच्या १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्यात मिनिटाला सुमारे २१२ ठोके आहेत, आणि बँडचा गिटारवादक जेम्स हेटफील्ड मुख्य रिफ जवळजवळ पूर्णपणे वरून खाली मारलेल्या आघातांनी वाजवतो. ठोक्याला दोन आघात धरले तर सेकंदाला सात. पिक खाली-वर फिरवून हा वेग सहज गाठता येतो, पण मग प्रत्येक आघाताला सारखं वजन येत नाही, आणि थ्रॅश या वेगवान मेटलची धार त्या सारखेपणातच आहे. हे मनगटातून यावं लागतं. कोपर ताठ करून वाजवलं तर काही मिनिटांत हात भरून येतो. पिकचं टोक तारेच्या पलीकडे एक-दोन मिलिमीटरच जायला हवं. जितकं खोल जाईल तितकं परत यायला अंतर जास्त. मेट्रोनोम ८० किंवा ९० वर लावून दुगुन वाजवा, आघात अगदी एकसारखे येऊ लागले की चार-पाच ठोके वाढवा. आपल्याकडे तबला शिकणारा मुलगा एकच कायदा महिनोन्‌महिने ठाय लयीत घोटतो, ती सवय इथे जशीच्या तशी उपयोगी पडते. मनगटात किंवा कोपराखाली हातात दुखायला लागलं तर मात्र त्या दिवशी तिथेच थांबावं. बोटांच्या टोकांचं दुखणं वेगळं, ते काही आठवड्यांत घट्टे पडले की जातं. स्नायूंच्या दोरांचं दुखणं अंगावर काढलं तर महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही.

गिटार कोणती घ्यावी, या प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. माझ्या मते तो इतका अवघड नाही. दोन गोष्टी पाहाव्यात. ब्रिजजवळ हंबकर पिकअप असावा. साधा सिंगल कॉइल पिकअप आपल्या घरच्या विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण पकडतो, आणि डिस्टॉर्शन चालू केलं की ती असह्य होते. हंबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात, त्यामुळे गुणगुण कटते आणि तारेचा आवाज दुणावतो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास हे तंत्र बसवलं. दुसरी गोष्ट म्हणजे ब्रिज न हलणारा असावा. फ्लॉइड रोझ ब्रिज दिसायला देखणा असतो, पण एक तार तुटली की सगळ्या बेसूर होतात, आणि सूर खाली घ्यायचा तर मागच्या स्प्रिंगांचा समतोल नव्याने साधावा लागतो. पहिल्या वर्षात ही डोकेदुखी नको. सात-आठ तारांची गिटारही नको. ड्रॉप डी या लावणीत सहावी तार एक पूर्ण स्वर खाली घेतली की एकाच बोटाने पॉवर कॉर्ड वाजतो, आणि मेटलचा मोठा भाग त्यात बसतो.

यामाहाची पॅसिफिका, आयबानेझची गिओ, कोर्टची एक्स, जॅक्सनची जेएस अशा मालिकांमधल्या सुरुवातीच्या गिटारी साधारण १५ ते २५ हजारांच्या पट्ट्यात मिळतात आणि कामाला पुरेशा असतात. कंपनीपेक्षा हातातला तो एक नग महत्त्वाचा. मुंबईत धोबी तलाव-काळबादेवीच्या बाजूला, पुण्यात, पणजी-मडगावला वाद्यांची जुनी दुकानं आहेत. तिथे जाऊन हातात घेऊन बघणं ऑनलाइन मागवण्यापेक्षा केव्हाही बरं. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा, कुठे खरखर येते का पाहा. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून काढलेला स्वर आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर जुळतो का पाहा. किंचित फरक ब्रिजवरच्या स्क्रूने दुरुस्त होतो, मान वाकडी असेल तर ती गिटार सोडून द्या. घेतल्यावर एकदा जाणत्या कारागिराकडून सेटअप करून घ्या. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दीड-दोन मिलिमीटर झाली की तीच स्वस्त गिटार वेगळी वाटू लागते.

ॲम्पच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत नवशिक्याचं भाग्य उजळलं आहे. पूर्वी चांगला मेटलचा आवाज मिळवायला ट्यूबचा मोठा ॲम्प आणि शेजाऱ्यांची परवानगी लागायची. आता बॉस कतानासारखा छोटा मॉडेलिंग ॲम्प हेडफोन लावूनही चांगला वाजतो. ज्याच्याकडे बरा संगणक आहे त्याने ऑडिओ इंटरफेस घेऊन न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मोफत सॉफ्टवेअर वापरावं, आवाज थक्क करणारा मिळतो. आघात आणि आवाज यांतलं अंतर १० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, नाहीतर लय बिघडते. एक गोष्ट मात्र करू नका: डिस्टॉर्शनचा पेडल थेट घरच्या म्युझिक सिस्टीमला जोडू नका. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही, घरचा स्पीकर सगळं सोडतो, आणि मग मेटलऐवजी माश्यांचं घोंघावणं ऐकू येतं. वेगळे पेडल पहिल्या वर्षात लागत नाहीत. नको तो बारीक आवाज आपोआप बंद करणारा नॉइज गेटही नाही. तो लावला की तारा गप्प ठेवायचं काम हात शिकत नाहीत.

विजेची एक सूचना गंभीरपणे घ्यावी अशी आहे. आपल्या अनेक जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्याच्या मागे अर्थिंग जोडलेलं नसतं. गिटारच्या तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं स्वाभाविक आहे. पण बोटांना झिणझिण्या आल्या तर ॲम्प ताबडतोब बंद करा आणि वायरमनला बोलवा. दुसरा शत्रू पावसाळा. कोकण, मुंबई, गोव्यात जून ते सप्टेंबर तारा बघता बघता गंजतात. वाजवून झालं की कोरड्या कपड्याने तारा वरून-खालून पुसायच्या, गिटार बॅगेत ठेवून सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. हवेतला ओलावा बदलला की मानही किंचित वाकते. पावसाळा संपल्यावर सेटअप पुन्हा तपासून घेतलेला बरा.

वाजवायचं काय? सबाथचं १९७० चं ‘आयर्न मॅन’ पहिल्याला योग्य, कारण ते ठाय लयीत आहे आणि पॉवर कॉर्ड सरकवायला शिकवतं. मग जुडास प्रीस्टचं १९८० चं ‘ब्रेकिंग द लॉ’, मेटलिकाचं १९८३ चं ‘सीक अँड डिस्ट्रॉय’, मेगाडेथचं १९९२ चं ‘सिम्फनी ऑफ डिस्ट्रक्शन’. आयर्न मेडनचं १९८३ चं ‘द ट्रूपर’ त्यानंतर, एक लांब आणि दोन आखूड अशी धावती चाल पक्की करायला. टॅब वाचायला तासाभरात येतं: सहा रेषा म्हणजे सहा तारा, आकडा म्हणजे फ्रेट. पण साध्या टॅबवर लय लिहिलेली नसते, आणि नेटवरचे बरेच टॅब चुकीचे असतात. आधी गाणं तोंडपाठ व्हावं, इतकं की रिफ तोंडाने म्हणता यावा, आणि मग टॅब उघडावा.

या बाबतीत आपल्याकडच्या कानाला एक आयतं बळ आहे. मेटलमधला लाडका फ्रिजियन म्हणजे भैरवी थाटाचे स्वर, नैसर्गिक मायनर म्हणजे आसावरी थाटाचे, आणि फ्रिजियन डॉमिनंट म्हणून जे सांगितलं जातं ते स्वर बसंतमुखारीत सापडतात. सबाथच्या, बँडच्याच नावाच्या गाण्यातला तो अस्वस्थ करणारा रिफ षड्जाशी तीव्र मध्यम भिडवून झालेला आहे. ज्याने थोडंफार गाणं ऐकलंय त्याने स्केलचे तक्ते पाठ करत बसण्यापेक्षा हे स्वर गिटारवर शोधावेत. तार ओढून काढलेला बेंडही आपल्याला ओळखीचा, मींडच ती. पोचायचा स्वर आधी दोन फ्रेट पुढे दाबून ऐकायचा, मग तार ओढून तिथेच पोचायचं.

शिक्षक की यूट्यूब, यावर माझं मत असं: पहिले तीन महिने शिक्षक मिळाला तर हातांची ठेवण चुकत नाही. पण जो शिक्षक पाम म्यूट विचारल्यावर गोंधळतो किंवा मेटलला गोंगाट म्हणतो, त्याच्याकडे फी भरू नका. शिक्षक नसेल तर फोनवर रोज दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना न कळणाऱ्या लयीच्या चुका तिथे स्वच्छ कळतात.

हे सगळं परदेशातल्यांसाठीच आहे असं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाचे कार्यक्रम भरत तेव्हापासून इथे हे संगीत रुजलेलं आहे. डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, स्क्राइब, गटस्लिट हे मुंबईतलेच बँड. २००७ मध्ये बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन आणि २०११ मध्ये मेटलिका वाजली, तेव्हा तिथे जमलेल्या गर्दीत महाराष्ट्रातून गेलेली मुलंही होती. ज्यांनी बँड केले त्यांनी मात्र एकट्याने खोलीत बसून ते केले नाहीत. म्हणून एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजवता आलं की सफाईची वाट बघत बसू नका, ड्रमर शोधा. ड्रमरच्या पायाबरोबर आपला पाम म्यूट नेमका एका क्षणी पडणं, हे मेट्रोनोम शिकवू शकत नाही. शहरांत तासाच्या भाड्याने जॅमरूम मिळतात, चौघांत वाटून खर्च परवडतो. जाताना खिशात इअरप्लग ठेवा. औषधाच्या दुकानातही साधे मिळतात. ८५ डेसिबलच्या वर आठ तास कानांना घातक मानले जातात, आणि बंद खोलीतला ड्रम त्याच्या बराच वर जातो. गेलेली श्रवणशक्ती कुठल्याही औषधाने परत येत नाही.